प्राणप्रतिष्ठा : एका शब्दाचे अर्थ

निर्जीवांत जीव आणण्याच्या कल्पनेसाठीं आपल्या भाषेंत एकच शब्द नाहीं. मेलेल्या कचाला उठविते ती संजीवनी. मोडकळीस आलेल्या देवालयाचा होतो तो जीर्णोद्धार. लोपलेल्या कलेचें होतें तें पुनरुज्जीवन. या तिन्ही शब्दांत पूर्वी होतें तेंच परत येतें. प्राणप्रतिष्ठा मात्र निराळी. जेथें प्राण नव्हताच तेथें तो स्थापन करणें, हा तिचा अर्थ.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला हा विधि घरोघर होतो. बाजारांतून घासाघीस करून आणलेली शाडूची मूर्ति मंत्रोच्चारानंतर देव होते. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ति जागेवरून किंचित् हलविली, कीं तिचें देवपण संपतें आणि पाण्यांत जाते ती पुन्हां माती. दिलेला प्राण परतहि घेतां येतो, अशी ही श्रद्धा आहे.

परंतु श्रोतेहो, या शब्दाचा उत्तरार्ध अधिक विचार करण्याजोगा आहे. 'प्रति' आणि 'स्था' यांपासून झालेल्या 'प्रतिष्ठा' शब्दाचा मूळ अर्थ दृढपणें उभें राहणें. पुढें त्याला मान, अब्रू हा अर्थ जडला, आणि तें योग्यच झालें. कारण ज्याला उभें राहावयास जागा नाहीं, त्याला मान तरी कोठून मिळणार?

या दोन अर्थांमधील अंतर महाराष्ट्रानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. २ मार्च १९३० रोजीं नाशिकास काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला. आंत पाषाणाला प्राण होता, प्रतिष्ठा होती. बाहेर प्राण असलेलीं माणसें प्रतिष्ठेवांचून उभीं होतीं. अनेक वर्षें दार उघडलें नाहीं. १९३५ च्या ऑक्टोबरांत येवल्यास बाबासाहेबांनीं धर्मांतराची घोषणा केली. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं प्राण पणास लावून पंढरपुरास उपोषण केलें, तेव्हां कोठें विठ्ठलाचें दार अस्पृश्य मानलेल्यांस उघडण्याचें ठरलें. पुढें २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यताच रद्द केली.

मूर्तींत प्राण स्थापावयाला घटकाभराचा विधि पुरतो. माणसाला प्राण जन्मतःच मिळालेला असतो. त्याची प्रतिष्ठा तेवढी आपल्या हातीं असते. तिला मुहूर्त लागत नाहीं, आणि तिची उत्तरपूजा करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.