पेशीच्या आतली साखर

मधुमेहाचे नाव निघाले की आपली दृष्टी रक्तातल्या साखरेवर खिळते. ती साखर पेशीत शिरल्यावर काय करते, हे आपण सहसा विचारीत नाही. ती जळते व शक्ती देते, एवढ्यावर आपले समाधान होते. परंतु तिचा थोडा अंश न जळता प्रथिनांना जाऊन चिकटतो, आणि आज आपल्याला त्याचीच कथा पाहावयाची आहे.

प्रथिनांना शर्करेची जोड मिळते, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. पण अशी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर किंवा बाहेर असावयाची. पेशीद्रव्यात व केंद्रकात त्यांचे काय काम? असा पाठ्यपुस्तकांचा निर्वाळा होता. १९८४ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, कार्मेन-रोसा टोरेस आणि जेराल्ड हार्ट हे लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींवरील शर्करा शोधीत होते. खूण पटावी म्हणून त्यांनी तिला किरणोत्सर्गी गॅलॅक्टोज जोडले. पाहतात तो खुणा बाहेर थोड्या आणि आतच पुष्कळ! ॲसिटिलग्लुकोसॅमीन या शर्करेचा एकेकच रेणू प्रथिनांना लागलेला होता.

इतके दिवस हा रेणू दिसला कसा नाही? एक तर त्याच्यावर विद्युत्भार नाही, त्यामुळे नेहमीच्या परीक्षेत तो लागलेले प्रथिन वेगळे उठून दिसत नाही. शिवाय पेशी फोडली की आतलीच एन्झाइमे त्याला झटकन उतरवून टाकतात. पण आमच्या मते खरे कारण निराळेच: तो तेथे असेल असे कोणाला वाटलेच नव्हते.

आज अशी हजारो प्रथिने माहीत आहेत. नवल असे की, रेणू लावणारे एन्झाइम एक आणि काढणारेही एकच. पुष्कळदा ज्या जागी फॉस्फेट बसावयाचे, त्याच जागेवर ही शर्करा बसते. मग एकाने जागा धरली की दुसऱ्याला ती मिळत नाही.

रक्तात साखर फार झाली की ही जोडही वाढते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, मधुमेहात हृदयपेशींतील एका एन्झाइमला ही शर्करा चिकटते, ते सतत चालू राहते आणि हृदयाची लय बिघडते. मेंदूत मात्र उलटा प्रकार! २००४ साली उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत टाऊ या प्रथिनावरील शर्करा घटली व फॉस्फेट वाढले. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या रोगात फॉस्फेटने लादलेल्या याच टाऊच्या गुठळ्या होतात. म्हणून शर्करा उतरविणाऱ्या एन्झाइमला अडविणारी औषधे निघाली. त्यांपैकी एकाच्या रुग्णांवरील चाचणीत २०२४ साली स्मृतीचा ऱ्हास थांबल्याचे दिसले नाही. ते एन्झाइम मेंदूत आहे तसेच हृदयातही आहे. आणि मधुमेही हृदयाला तर ही शर्करा उतरलेलीच हवी असते.