चौदा कॅरेटची अंगठी: सरकारनं सांगितली तेव्हा नको होती!

आजचा भाग साखरपुड्याच्या अंगठीवर. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे सराफाच्या दुकानात शिरण्याआधी १९६३ मध्ये एक चक्कर मारून येऊ.

सुरुवात घरातूनच करतो. माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा ठरला. तिनं आणि होणाऱ्या नवऱ्यानं मोबाईलवर बघून अंगठी पसंत केली. छोटासा हिरा, १४ कॅरेट सोनं, बजेटमध्ये बसणारी. आजीला फोटो दाखवला. आजीनं चष्मा लावला आणि एकच विचारलं, "किती कॅरेट?" चौदा म्हटल्यावर तिनं फोन परत दिला. "अगं, ते काय सोनं आहे? आमच्या वेळी सरकारनं हेच माथी मारलं होतं."

बहिणीला वाटलं, आजी काहीतरीच बोलतेय. सरकार कशाला कुणाची अंगठी ठरवेल? तर मंडळी, ठरवली होती.

आधी एक छोटं गणित. शुद्ध सोनं म्हणजे २४ कॅरेट. २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के, १८ मध्ये ७५ टक्के आणि १४ मध्ये ५८.५ टक्के. उरलेली भर तांबं, चांदी अशा धातूंची. म्हणजे ४ ग्रॅमची अंगठी घेतली, तर २२ कॅरेटमध्ये साधारण ३.६६ ग्रॅम सोनं असतं, १४ कॅरेटमध्ये २.३४ ग्रॅम. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता १९६२. चीनशी युद्ध झालं. देशाकडे परकीय चलनाची आधीच चणचण, त्यात शस्त्रखरेदीचा खर्च. आपल्याकडे सोन्याच्या खाणी फारशा नाहीत आणि सोन्याच्या आयातीवर बंदी होती. पण लग्नं काही थांबत नव्हती! मग सोनं चोरवाटेनं यायचं. अरबी समुद्रातून गलबतं यायची आणि दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर उतरायची. बाहेरचा भाव आणि इथला भाव यांत जवळपास दुपटीचा फरक, म्हणजे धंदा तेजीत. आणि या सोन्याचे पैसे शेवटी परकीय चलनातच जायचे.

तेव्हा अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. हो, मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री, ज्यांचं नाव संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे मराठी घरांत आधीच कडवट झालं होतं, तेच. त्यांचा विचार सरळ होता. लोकांची सोन्याची हौस कमी झाली, की मागणी घटेल आणि तस्करी आपोआप थंडावेल. आधी लोकांनी सोनं सरकारकडे द्यावं म्हणून सुवर्णरोखे काढले, पण त्यात सोन्याची किंमत धरली आंतरराष्ट्रीय दरानं. बाजारात दुप्पट मिळत असताना कोण देणार? मग जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवायचा नाही. अंगठी असो, मंगळसूत्र असो.

कागदावर हुशार कल्पना. पण आपल्या भाषेत अस्सल माणसाला आपण 'बावनकशी सोनं' म्हणतो. शुद्धतेचं माप जिथं माणसांना लावलं जातं, तिथं लोक लेकीच्या अंगावर निम्म्या भेसळीचं सोनं घालतील?

नाहीच घातलं. गिऱ्हाईकानं दुकानात येणंच बंद केलं. आणि हातोडा पडला तो तस्करावर नाही, सोनारावर. पिढ्यान्‌पिढ्या मऊ २२ कॅरेटवर बसलेला त्याचा हात. १४ कॅरेटचं सोनं कडक, रंग वेगळा, काम वेगळं. देशभर लाखो कारागिरांच्या पोटावर पाय आला. काहींनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या, संसदेत गदारोळ झाला. तस्करी मात्र चालूच राहिली.

त्याच वर्षी सरकार थोडं नमलं. गिऱ्हाईकाचा जुना दागिना मोडून त्याच शुद्धतेचा नवा करून द्यायला परवानगी मिळाली. आजीचं लग्न १९६४ चं. तिच्या बोटातलं वळं तिच्या आईच्या पाटलीतून घडवलेलं आहे. आम्हाला आजवर वाटायचं, हौस म्हणून. खरं तर दुसरा रस्ताच नव्हता!

१४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली. पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला. सामान्य माणसानं सोन्याची बिस्किटं बाळगायची नाहीत, कारागिरानंही ठरावीक मर्यादेपलीकडे सोनं ठेवायचं नाही. हा कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं. तेव्हा अर्थमंत्री होते मधू दंडवते, कोकणातल्या राजापूरचे खासदार.

आता गंमत बघा. जे कायद्याला जमलं नाही, ते भावानं करून दाखवलं. सोनं इतकं महागलं, की आज तरुण जोडपी आपणहून १४ आणि १८ कॅरेटकडे वळतायत. शिवाय कडकपणा आता गुण ठरतो. हिऱ्याची अंगठी रोज वापरायची तर खडा धरून ठेवणाऱ्या नख्या मजबूत हव्यात. २२ कॅरेटच्या मऊ नख्या वाकतात, खडा निसटू शकतो.

मग आजी चूक की बहीण? दोघी बरोबर. आजीसाठी सोनं म्हणजे अडीनडीला मोडता येणारी बँक. बँकेत २.३४ ग्रॅम ठेवून ४ ग्रॅमचं समाधान कसं मिळणार? बहिणीसाठी ती अंगठी आहे, मोडायचा विचारच नाही. १९६३ मध्ये सरकारची चूक हीच झाली. त्यांना वाटलं, लोक दागिना घेतात. लोक घेत होते भरवसा.

तेव्हा दुकानात जाण्याआधी दोघं बसून एवढंच ठरवा: ही अंगठी घालायला आहे की ठेवायला? खडा असेल आणि रोज घालणार असाल, तर १८ किंवा १४ कॅरेट. साधं वळं असेल आणि पुढं सोनं म्हणूनही उपयोगी पडावं असं वाटत असेल, तर २२. आणि आतल्या बाजूचा हॉलमार्क बघाच. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४.

बहिणीनं शेवटी १४ कॅरेटचीच घेतली. साखरपुड्याच्या दिवशी आजीनं ती हातात घेऊन बघितली, काही बोलली नाही. मग स्वतःच्या बोटातलं वळं काढून बहिणीच्या दुसऱ्या हातात घातलं.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या आजीला १९६३ बद्दल नक्की विचारा, आणि ती काय म्हणाली ते आम्हाला कळवा!