त्रेबूल : एका किनारी ग्रामसंस्थेचे विलीनीकरण

ब्रिटनीच्या पश्चिम टोकास, फ्रान्सच्या फिनिस्तेर जिल्ह्यात, त्रेबूल हे लहानसे बंदर आहे. पोर-ऱ्यू या खाडीपलीकडे दुआर्नने शहर वसले आहे. आज त्रेबूल त्या शहराचा एक भाग होय. तथापि १८८० ते १९४५ अशी पासष्ट वर्षे ती स्वतंत्र कम्यून, म्हणजे स्वतःचा नगराध्यक्ष व स्वतःची सभा असलेली ग्रामसंस्था, होती.

अशा विलीनीकरणाचा अर्थ 'मोठ्याने लहानास गिळले' एवढाच लावण्याचा प्रघात आहे. तो येथे अपुरा पडतो. १८८० पूर्वी त्रेबूल पूलाँ या कम्यूनमध्ये मोडत असे. १८५३ पासून दुआर्ननेत सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातील मासळी, डबाबंद करण्याचे कारखाने निघू लागले आणि हा किनारा त्या धंद्यावर जगू लागला. ज्या मासळीने त्रेबूलला पूलाँपासून विभक्त होण्याचे बळ दिले, तिनेच त्यास समोरच्या तीराशी बांधून टाकले, असे अनुमान करणे वावगे ठरू नये.

१९४५ मध्येच पूलदाविद व प्लोआरे या कम्यूनही दुआर्ननेत विलीन झाल्या. पैकी प्लोआरेचे उदाहरण विशेष बोलके आहे. राज्यक्रांतीपूर्वी दुआर्नने हेच प्लोआरेच्या धर्मक्षेत्राचे उपांग होते. कालांतराने कन्येने मातेस आपल्या घरात घेतले. स्टेथॉस्कोपचा जनक लाएनेक १८२६ मध्ये प्लोआरेत निवर्तला. ते स्थळ आजच्या नकाशावर दुआर्ननेत येते.

संशोधकाने येथे सावध राहणे अगत्याचे आहे. १९४५ पूर्वीची व नंतरची दुआर्ननेची लोकसंख्या शेजारी मांडून वाढ मोजणे चुकीचे होय. कारण मधल्या काळात शहराची सीमाच बदलली. चित्रकार ख्रिस्तोफर वुड याने १९२९-३० मध्ये चितारलेले त्रेबूल हे दुआर्ननेचे उपनगर नव्हते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मग गमावले काय? नाव टिकले, बंदर टिकले. १८८४ च्या कायद्यान्वये कम्यूनच्या सभेस आपल्या कारभाराचा निर्णय करण्याचा अधिकार असे. तो अधिकार मात्र खाडीपलीकडे गेला. गावाचे अस्तित्व आणि गावाची सत्ता या दोन गोष्टी भिन्न आहेत. एकीचा अंत म्हणजे दुसरीचाही अंत, असे मानून लिहिलेला इतिहास दोन्हींवर अन्याय करतो.