प्रतिश्रय : शूर्पारकापासून कर्जतपर्यंत

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याच्या दानांची नोंद करणारा एक विख्यात शिलालेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील या लेखात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग अशी चार नगरे येतात. शोर्पारग म्हणजे शूर्पारक, आपले आजचे नालासोपारा. या चारही ठिकाणी उषवदाताने चौसोपी निवारे आणि 'प्रतिश्रय' बांधले, विहिरी, तलाव व उद्याने करविली, असे हा लेख सांगतो. इतकेच करून तो थांबला नाही. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची सोय केली आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या. यांपैकी दाहनुका ही डहाणूची नदी असे अभ्यासक मानतात. वसई तालुक्याच्या भूमीवर निराश्रितास छप्पर देण्याच्या कार्याचा याहून जुना लेखी पुरावा प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

'प्रतिश्रय' या शब्दाचा अर्थ आश्रयस्थान, उतरण्याची जागा. उषवदाताच्या डोळ्यांसमोर मुख्यतः कोण होते, हे नावा आणि पाणपोया यांवरून उघड होते. सार्थवाह, यात्रेकरू, भिक्षू, बंदरावर माल उतरवून घाट चढणारे व्यापारी हे सर्व वाटसरू होते. त्यांच्या मागे एक घर होते आणि पुढे एक मुक्काम होता. मधली रात्र सुखरूप जावी एवढीच त्यांची गरज होती. आपल्याकडील आश्रयदानाची सारी जुनी रचना या वाटसरूला धरून झाली, आणि पुढे ज्या अडचणी उद्भवल्या त्यांचे मूळही येथेच आहे.

तथापि सोपाऱ्याच्या स्मृतीत दुसऱ्या प्रकारच्या निराधाराचीही एक कथा आहे. श्वेतांबर परंपरेनुसार बारा वर्षांच्या दुष्काळात आचार्य वज्रसेन सोपाऱ्यास आले. तेथील जिनदत्त श्रेष्ठी व त्याची पत्नी ईश्वरी यांनी लाख मोलाचे अन्न शिजवून त्यात विष कालवण्याची तयारी चालविली होती. घरात द्रव्य होते, धान्य नव्हते. उद्या सुकाळ होईल, असे सांगून वज्रसेनांनी त्यांना थांबविले आणि दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते बंदरास लागली. त्या कुटुंबाने पुढे दीक्षा घेतली आणि नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर या चार पुत्रांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली. ही परंपरागत कथा आहे, तिला शिलालेखाचे प्रामाण्य नाही. परंतु तिच्यातील एक जाण महत्त्वाची वाटते. विनाशाच्या कडेला उभा असलेला मनुष्य येथे भिकारी नसून नगरश्रेष्ठी आहे. संकट कोणाच्या दारी येईल याचा नेम नाही, हे बंदराच्या गावाला ठाऊक होते.

पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे १५३४ पासून १७३९ पर्यंत, वसईच्या किल्ल्यात 'मिझरिकॉर्दिया' ही गृहस्थ ख्रिस्ती बांधवांची सेवासंस्था होती. १४९८ साली लिस्बन येथे स्थापन झालेल्या संस्थेच्या धर्तीवर ती चाले. भुकेल्यास अन्न, रुग्णाची शुश्रूषा, निराश्रितास थारा ही दयेची कृत्ये अशा संस्थांचे घोषित कर्तव्यच असत. ती राजसत्तेच्या आधाराने वाढली आणि चिमाजीअप्पांच्या विजयानंतर त्या सत्तेबरोबरच मावळली.

मराठी मुलखात या कार्याची खरी सातत्याने चाललेली परंपरा म्हणजे धर्मशाळा. जैन समाजास तिची महती सांगावयास नको. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात आहार, औषध व उपकरण यांच्या जोडीला 'आवास' हेही दान गणले आहे. अर्थात त्या ग्रंथातील पात्र व्रतस्थ आहे, रस्त्यावरचा अनामिक नव्हे. पुढे तीर्थक्षेत्री, बंदरांत आणि रेल्वे स्थानकांजवळ ज्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्यांत दोन प्रथा बहुधा सर्वत्र आढळत. एक म्हणजे जातीपातीचा विचार, आणि दुसरी म्हणजे तीन दिवसांची मर्यादा. तीन दिवसांचा नियम वाटसरूच्या दृष्टीने रास्तच होता, कारण एकाने जागा अडविली तर दुसरा उघड्यावर पडेल. मात्र ज्याला चौथ्या दिवशी जावयास ठिकाणच नाही, त्याचे काय, या प्रश्नाला त्या नियमात उत्तर नव्हते. आज कित्येक ठिकाणी ओळखपत्राचीही अट आहे. ज्याला निवाऱ्याची सर्वांत अधिक निकड, त्याच्याचपाशी कागद नसतो.

पहिल्या प्रथेवर घाव घातला तो गाडगे महाराजांनी. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी विदर्भातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या पुरुषाने १९०५ मध्ये घर सोडले. हातात मातीचे गाडगे आणि खराटा घेऊन गावोगाव कीर्तने केली आणि मिळालेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरास अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना अन्यत्र उतरू देत नसत, म्हणून तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी राहिली. ती त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या बाहेरगावच्या रुग्णांना आधार देते. येथे तीन दिवसांचे बंधन आपोआपच सैल होते, कारण उपचार तीन दिवसांत संपत नाहीत. मुदत रोग ठरवितो, व्यवस्थापक नव्हे. बेघरांना आसरा हे गाडगे बाबांच्या सेवासूत्रांपैकी एक होय. स्वतःसाठी मात्र त्यांनी घर केले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, प्रवासातच त्यांचा देह पडला.

त्यानंतर तीनच वर्षांनी आलेला कायदा मात्र अगदी वेगळ्या मनोवृत्तीचा होता. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाने उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारासही भिकारी ठरविले. अशा व्यक्तीस प्रथम एक ते तीन वर्षे आणि पुन्हापुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्ध करण्याची तरतूद त्यात होती. ज्या राज्यात गाडगे बाबांच्या धर्मशाळा त्याच राज्यात हा कायदा! २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील अनेक कलमे घटनाबाह्य ठरविली, पण तो निर्णय दिल्लीपुरता होता. दुसरीकडे अन्नाच्या हक्कासंबंधी २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांतील दर एक लक्ष लोकसंख्येमागे एक निवारागृह असावे, असा दंडक घातला. २०१३ मध्ये केंद्राची नागरी बेघरांसाठीची योजना आली, आणि तिच्यात दर माणशी सुमारे पन्नास चौरस फूट जागेचे मान धरले होते. २०११ च्या जनगणनेत देशभर १७ लक्ष ७३ हजार माणसे बेघर मोजली गेली. रात्री पुलाखाली झोपलेल्या माणसांची मोजणी करणे किती कठीण, हे ध्यानी घेता ही संख्या कमीच मानावी लागेल.

आता चौथ्या दिवसाच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे सर्वांत समाधानकारक उत्तर आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, बोरिवलीस सापडले. १९८८ च्या सुमारास मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांना एक कृश तरुण करवंटीने गटारातील पाणी पिताना दिसला. दोघांनी त्याला आपल्या रुग्णालयात आणले. उपचारांनी तो बोलू लागला तेव्हा कळले की तो विज्ञानाचा पदवीधर आहे, आंध्र प्रदेशातील आहे आणि त्याचे वडील तेथील जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत. मुलगा बेपत्ता म्हणून घरचे शोधात होते. जिनदत्त श्रेष्ठीच्या कथेची येथे आठवण होते. गटारापाशी बसलेल्या त्या देहामागे एक सुस्थित घर उभे होते, आणि दोहोंमधील दुवा आजाराने तोडला होता.

त्यातूनच श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था आकारास आली. पुढे जे. जे. कला महाविद्यालयातील एक अध्यापक अशाच अवस्थेत रस्त्यावर सापडले आणि बरे झाले. त्या प्रसंगाने हेलावलेल्या चित्रकारांनी आपली चित्रे देऊन निधी उभा केला. १९९७ मध्ये दहिसर येथे वीस खाटांचे केंद्र झाले. बाबा आमटे यांच्या प्रेरणेने कार्याचा व्याप वाढला आणि २००६ मध्ये कर्जतजवळ १२० खाटांचे केंद्र सुरू झाले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सुमारे सात हजार माणसे स्वगृही पोचविली गेली होती.

या कार्याची पद्धत मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे. रस्त्यावरून आणलेल्या व्यक्तीस स्नान, अन्न, वस्त्र आणि औषध मिळते. पण खरी कसोटी त्यापुढे असते. औषधाचा गुण येऊ लागला की स्मृतीचे तुकडे बाहेर पडतात. कधी गावाचे नाव, कधी नदीचे, कधी शाळेतील गुरुजींचे, कधी केवळ बोलीचा हेल. एवढ्या धाग्यावरून कार्यकर्ते जिल्हा शोधतात, पोलीस ठाण्याशी बोलतात आणि त्या माणसाला सोबत घेऊन रेल्वेने, मग बसने, मग पायी त्याच्या दारापर्यंत जातात. घरच्यांना आजाराची माहिती देतात, औषध बंद केल्यास काय होईल ते समजावितात. कोठे आनंदाश्रू येतात, तर कोठे वाटण्या झालेल्या असतात आणि मृत मानलेल्या भावाचे स्वागत थंडपणे होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा भटक्या रुग्णांस संरक्षण देण्याचे कर्तव्य पोलिसांवर टाकले आहे. कायदा ठाण्यापर्यंतची वाट दाखवितो. तेथून गावापर्यंतची वाट बहुतांशी अशा संस्थांनाच चालावी लागते.

सर्वच बेघर मनोरुग्ण नसतात, हेही येथे सांगितले पाहिजे. मजुरीसाठी आलेला, भाड्याची खोली सुटलेला, म्हातारपणी मुलांनी टाकलेला, नवऱ्याच्या घरातून निघालेली अशी प्रत्येकाची कहाणी निराळी. कोणाला परतीचे गाव असते, कोणाला ते नकोसे असते. त्यांना हवे असते ते काम, बँकेचे खाते, शिधापत्रिका आणि पत्ता म्हणून लिहिता येईल अशी एक ओळ. निवारागृहाचा पत्ता कागदावर लागला की मजुरी, औषध, निवृत्तिवेतन या सर्वांची दारे एकेक करून उघडू लागतात. ब्लँकेट वाटणे सोपे असते आणि छायाचित्रही चांगले येते. त्या माणसाबरोबर तीन वेळा सरकारी कचेरीत जाऊन रांगेत उभे राहणे कठीण, आणि तेच अधिक उपयोगी.

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती १२ लक्षांच्या वर होती. दर लक्षामागे एक, या दंडकाने तेव्हाच बारा निवारागृहे हवी होती, आणि वस्ती तेथे थांबलेली नाही. दीर्घकाळ विरार हे चर्चगेटहून सुटणाऱ्या उपनगरी गाड्यांचे शेवटचे स्थानक होते. एप्रिल २०१३ मध्ये सेवा डहाणूपर्यंत वाढली, तरी असंख्य लोकल गाड्या आजही विरारलाच रिकाम्या होतात. गाडीतच झोपून गेलेला, कोठे उतरावे हे न कळणारा माणूस अशा ठिकाणीच फलाटावर येतो, आणि तेथून उषवदाताचे शोर्पारग एकच स्थानक मागे आहे.