काली लिनक्स म्हणजे काय? एथिकल हॅकिंग शिकायचं तर सुरुवात कुठून करायची?

बारावी झालेली, कॉलेजात जाणारी बरीच पोरं हल्ली यूट्यूबवर 'पाच मिनिटांत वायफाय हॅक' असले व्हिडिओ बघतात आणि लगेच काली लिनक्स डाउनलोड करायला बसतात. काळ्या पडद्यावर अक्षरं दिसली की पुढे काय करायचं ते कळत नाही. मग कुणीतरी टेलिग्रामवर 'हॅकिंग ॲप'ची एपीके फाइल पाठवतं, ती मोबाइलमध्ये टाकली जाते आणि हॅक होतो तो स्वतःचाच फोन. असलं ॲप एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी समोरचा वाचतो.

काली लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. डेबियन या लिनक्सवर ती बांधलेली असून ऑफेन्सिव्ह सिक्युरिटी या कंपनीने मार्च २०१३ मध्ये ती आणली. त्याआधी हेच काम बॅकट्रॅक नावाची सिस्टीम करायची. काली पूर्ण मोफत आहे, त्यामुळे तिची 'प्रो' सीडी किंवा पेनड्राइव्ह कुणी हजार रुपयांना विकत असेल तर घेऊ नये. अधिकृत वेबसाइटवरूनच डाउनलोड करावी.

तिच्यात सुरक्षा तपासायची शेकडो टूल्स आधीपासून भरलेली असतात. एनमॅप हे टूल एखाद्या कॉम्प्युटरचे कोणते पोर्ट उघडे आहेत ते सांगतं, म्हणजे वाड्याची कोणती दारं-खिडक्या उघड्या राहिल्यात ते बघण्यासारखं. वायरशार्क नेटवर्कवरून जाणारी माहिती टिपून दाखवतं. जॉन द रिपर पासवर्ड किती कच्चा आहे ते तपासतं. पण रंधा-पटाशी विकत घेतली म्हणून कुणी सुतार होत नाही. लिनक्स अजिबात माहीत नसलेल्यांनी कालीपासून सुरुवात करू नये, असं काली बनवणाऱ्यांनीच आपल्या माहितीपानावर लिहून ठेवलंय. रोजच्या वापरासाठीही ती नाही.

पॅरट ओएस ही कालीसारखीच, जरा हलकी. टेल्स मात्र वेगळ्या कामाची. ती पेनड्राइव्हवरून चालते, सगळं इंटरनेट टॉर नेटवर्कमधून नेते आणि बंद केली की कॉम्प्युटरवर खूण ठेवत नाही. पत्रकार ती वापरतात. क्यूब्स ओएस प्रत्येक काम वेगळ्या कप्प्यात ठेवते, म्हणजे एका कप्प्यात व्हायरस शिरला तरी बँकेचा कप्पा सहसा वाचतो. पण तिला तगडा कॉम्प्युटर लागतो. या दोन्ही स्वतःला जपण्यासाठी आहेत, हॅकिंग शिकण्यासाठी नाहीत.

आता लॅपटॉपचं. काली २ जीबी रॅम आणि २० जीबी जागेत कशीबशी बसते, पण ८ जीबी रॅम असेल तर बरं. विंडोज काढून काली टाकायची घाई करू नका. इन्स्टॉल करताना चुकीचं पार्टिशन निवडलं की घरातले फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, ताईच्या प्रवेशाची कागदपत्रं सगळं पुसलं जातं. त्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजमध्येच टाकावं आणि त्याच्या आत काली चालवावी. बिघडली तर डिलीट करून परत टाकता येते.

लॅपटॉप नसला तरी अडत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप एफ-ड्रॉइडवरून घेता येतं. फोन रूट करावा लागत नाही. त्यात एलएस, सीडी, कॅट अशा साध्या लिनक्स कमांड शिकता येतात. त्या हाताला बसल्या की 'ओव्हरदवायर'चा 'बँडिट' हा मोफत खेळ सुरू करावा. एसएसएचने त्यांच्या सर्व्हरमध्ये शिरायचं, पहिल्या पायरीवर 'रीडमी' नावाची फाइल वाचायची, तिच्यात पुढच्या पायरीचा पासवर्ड सापडतो. अशा तीसेक पायऱ्या आहेत. डेटा फारसा जात नाही, त्यामुळे रेंज कमी असली तरी निभतं. जो पोरगा किंवा पोरगी स्वतःच्या डोक्याने पंधरा पायऱ्या चढली, तिने महागड्या क्लासमधल्या निम्म्या पोरांना मागे टाकलं असं समजायला हरकत नाही.

पुढे वेबसाइटच्या सुरक्षेसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी मोफत आहे. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा एथिकल हॅकिंगचा कोर्सही फुकट बघता येतो. बरंचसं इंग्रजीत आहे, हे खरं. 'आठवड्यात हॅकर बना, नोकरीची हमी' म्हणणाऱ्या क्लासला फी भरण्याआधी हे तरी बघून घ्यावं.

कायद्याचा भाग मात्र नीट समजून घ्यायला हवा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्याही कॉम्प्युटरमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शिरणं चूक आहे. तेच लबाडीने केलं तर कलम ६६ लागतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शेजारच्या काकांचं वायफाय, शाळेची वेबसाइट, मित्राचं इन्स्टाग्राम यांवर 'नुसतं बघत होतो' हे चालत नाही. सराव स्वतःच्या मशीनवर, सरावासाठी बनवलेल्या साइटवर किंवा बग बाउंटी जाहीर केलेल्या कंपनीने आखून दिलेल्या हद्दीतच करायचा. एखाद्या सरकारी साइटमध्ये सहज वापरताना चूक दिसली तर आणखी खोदायचं नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवायचं.

आणि ती एपीके आधीच टाकली गेली असेल तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडकवता येण्याची शक्यता जास्त.