पदक न मिळालेली कामगिरी

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचं नाव निघालं की आधी पदकं आठवतात. जानेवारी १९४५मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत २/२ पंजाब पलटणीचं नेतृत्व करून त्यांनी डीएसओ मिळवलं. १९५३मध्ये कोरियात युद्धकैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं, तेव्हा खवळलेल्या छावणीत ते निःशस्त्र शिरले. त्याबद्दल अशोक चक्र, वर्ग २. हे धैर्य निर्विवाद आहे. तरीही कोल्हापूरच्या या सेनानीचं खरं मोठेपण मला ८ ऑक्टोबर १९५९च्या अहवालात दिसतं.

पूर्व विभागाचे प्रमुख या नात्याने त्यांनी लष्करी मुख्यालयाला कळवलं की, हाताशी असलेल्या फौजेनिशी चीनलगतचा नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) राखता येणार नाही. त्यांचा आराखडा साधा होता. मॅकमहोन सीमारेषेवर फक्त टेहळणीची ठाणी ठेवायची आणि मुख्य लढाई मागे, आपली रसद पोहोचेल तिथे द्यायची. माळशेज घाटाखालच्या टोकावड्याच्या वाचकाला हे लगेच कळेल: जुन्नरकडून माळशेज उतरणाऱ्या शत्रूला कल्याणच्या फौजेने घाटमाथ्यावर का गाठावं? गाडीरस्ता टोकावड्यापर्यंत असेल, तर दाणागोटा पाठीवर वाहून दमलेल्या शत्रूला पायथ्याशीच गाठावं. मार्च १९६०मध्ये लखनौला ‘लाल किला’ या सरावात थोरातांनी हीच मांडणी अधिकाऱ्यांसमोर तपासली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना मात्र ती अकारण घबराट वाटली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, ही हकिकत बरीचशी थोरातांच्याच आत्मचरित्रातून आलेली आहे, आणि तेव्हाचे सरसेनापती थिमय्या यांनी शिफारस करूनही १९६१मध्ये सरसेनापतिपद थापर यांना मिळालं होतं. सल राहिलेल्या माणसाचं कथन सावधपणेच वाचायला हवं. पण अहवाल आणि सराव दोन्ही त्या निवडीच्या आधीचे आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ते सरसेनापती झाले असते तरी रस्ते, पैसा, तोफा कुठून आल्या असत्या? मान्य, विजयाची हमी कुणालाच देता आली नसती. पण तोकडी फौज नेफातल्या नामका चू नदीच्या काठी, घोड्याच्या वाटेपलीकडे नेऊन बसवायची की मागे एकवटायची, हा निर्णय पैशांवर अडलेला नव्हता. २० ऑक्टोबर १९६२ला चिनी हल्ला आला तो तिथेच, आणि तिथली ब्रिगेड त्याच दिवशी मोडली. नोव्हेंबरमध्ये निवृत्त थोरातांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतलं गेलं. त्याच महिन्यात नेफातली से ला खिंड आणि बोमडिला ही ठिकाणं पडली.