वैद्यकाच्या उंबरठ्यावरची साहित्यविद्या

डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांना साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांचे शिक्षण आधी मिळायला हवे, हे मत आपल्या वर्तुळात जवळजवळ निर्विवाद मानले जाते. साहित्याच्या प्राध्यापकाला ते सुखावणारे आहे, यात नवल नाही. परंतु ज्या देशात ही अट प्रत्यक्ष घातली गेली, सैल झाली, परीक्षेतून वगळली गेली आणि वेगळ्या रूपात परत आणली गेली, त्या अमेरिकेचा इतिहास पाहिला की हे सुख फार काळ टिकत नाही.

१८७० च्या सुमारास तेथे वैद्यकीय महाविद्यालयात शिरायला विशेष काही लागत नसे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी लेखी परीक्षेचा प्रस्ताव मांडला, तेव्हा शल्यशास्त्राचे प्राध्यापक बिगेलो यांनी हरकत घेतली. आपल्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना धड लिहिताच येत नाही, ते लेखी परीक्षा देणार कशी, असा त्यांचा सवाल होता. अशा पार्श्वभूमीवर १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय उघडले आणि त्याने पदवी, विज्ञानाचा पाया व फ्रेंच-जर्मन वाचण्याची क्षमता या अटी घातल्या. या अटींमागे मेरी गॅरेट या धनवान स्त्रीचा आग्रह होता. तिने तीन लाख डॉलरहून अधिक देणगी दिली ती दोन गोष्टी मान्य करवून : स्त्रियांना पुरुषांच्याच बरोबरीने प्रवेश, आणि प्रवेशाची पातळी उंच. विल्यम ऑस्लर आपल्या सहकाऱ्याला विनोदाने म्हणाले होते की, आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे बरे झाले, विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतले नसते.

मात्र जर्मनची अट गटे वाचण्यासाठी नव्हती, रॉबर्ट कॉख वाचण्यासाठी होती. भाषा येथे विज्ञानाची हमाल होती. ‘सुसंस्कृत वैद्य’ ही कल्पना अटीच्या मागे उभी होती, हे खरे. पण ती कागदावर उतरवण्याची कोणाला गरज वाटली नाही.

या न लिहिण्याचा परिणाम अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१० च्या अहवालात दिसतो. कार्नेगी प्रतिष्ठानासाठी त्यांनी अमेरिका व कॅनडामधील १५५ संस्था पाहिल्या. महाविद्यालयातली दोन वा अधिक वर्षे आधी पूर्ण करण्याची अट त्यांपैकी फक्त १६ संस्थांत होती. ती अट सर्वत्र असावी आणि तीत रसायन, भौतिकी व जीवशास्त्र असावे, असा त्यांचा आग्रह होता. गंमत अशी की, फ्लेक्सनर स्वतः ग्रीक-लॅटिनचे पदवीधर आणि शाळामास्तर; वैद्यकाशी त्यांचा संबंध नव्हता. विज्ञानाची सक्ती केली म्हणजे बाकीचे संस्कार आपोआप येतील, असे त्यांनी गृहीत धरले असावे. १९२५ मध्ये त्यांनीच युरोप-अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची तुलना करणारा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकी वैद्यकात सांस्कृतिक व तात्त्विक अधिष्ठान फारच उणे आहे, अशी खंत त्यात नोंदवली. तोवर त्यांच्या अहवालाचा साचा पक्का झाला होता.

त्या साच्याची किंमत कोणी मोजली? अहवालाच्या वेळी कृष्णवर्णीयांसाठी सात वैद्यकीय महाविद्यालये होती. फ्लेक्सनर यांनी त्यांपैकी दोनच टिकवण्याजोगी ठरवली आणि पुढील काही वर्षांत हॉवर्ड व मेहॅरी एवढीच उरली. प्रयोगशाळा आणि निधी यांचा अभाव हेही त्यामागचे मोठे कारण होते. पण आधी महाविद्यालयात काही वर्षे घालवणे ज्याला परवडते त्यालाच वैद्यक, हा नियमही तेव्हाच रुजला. येथे आपल्या आनंदीबाई जोशी यांची आठवण अपरिहार्य आहे. १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या, तेव्हा त्यांच्यापाशी कोणत्याही महाविद्यालयाचे शिक्षण नव्हते. ही उणीव प्रवेशासाठीच्या पत्रात मान्य करून, आपला निर्धारच विचारात घ्यावा अशी विनंती त्यांनी केली आणि ती मान्य झाली. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. दहाच वर्षांनी लागू झालेली हॉपकिन्सची अट त्यांना ओलांडता आली नसती. आणि तीही स्त्रियांच्या हितासाठी झगडणाऱ्या एका स्त्रीनेच आग्रहाने घातलेली होती.

पुढील काळात प्रश्न परीक्षेत उतरला. १९२८ पासून सुरू झालेल्या प्रवेशचाचणीत, म्हणजे आजच्या एमकॅटच्या पूर्वसुरीत, पुढे साहित्य-कला-समाज यांविषयीच्या सामान्य ज्ञानाचा भाग आला. १९७७ मध्ये तो काढून टाकण्यात आला. १९९१ मध्ये निबंधलेखन आले, २०१३ मध्ये तेही गेले. २०१५ पासून उताऱ्यांवरील ५३ प्रश्न, नव्वद मिनिटे. उतारे साहित्य-इतिहास-समाजशास्त्रातले, पण बाहेरचे ज्ञान नको. म्हणजे कविता वाचलेली असण्याची गरज नाही. उतारा वाचून पर्याय निवडता आला की झाले. यासाठीही शिकवणीवर्ग आहेत आणि सरावसंच आहेत, हे सांगायला नकोच.

या साऱ्याला विटून लुईस थॉमस या वैद्याने १९७८ मध्ये एक खट्याळ लेख लिहिला. ‘प्री-मेड’ म्हणवणाऱ्या अर्जदाराचा कागद तळाच्या गठ्ठ्यात टाकावा, एमकॅट रद्द करावी, आणि अभिजात ग्रीक भाषा पदवीशिक्षणाचा कणा करावी, असे त्यांचे म्हणणे. लेख मोठा चुरचुरीत आहे. पण ग्रीक शिकवणाऱ्या शाळा कोणाच्या वाट्याला येतात, हा प्रश्न त्यात पडत नाही.

याहून गंभीर प्रयोग न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथे १९८७ मध्ये सुरू झाला. साहित्य-इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एमकॅट व नेहमीच्या विज्ञान-अटींविना प्रवेश. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ८५ विद्यार्थ्यांची तुलना इतर सहाध्यायांशी केली गेली. पहिल्या परवाना-परीक्षेत ते किंचित मागे. रुग्णांजवळच्या कामात बरोबरीने. विज्ञानाची जुनी कुंपणे पूर्णतः अटळ नव्हती, हे यातून दिसले. परंतु आरंभी हे विद्यार्थी घेतले जात ते प्रिन्स्टन, अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स अशा निवडक महाविद्यालयांतून. एक दार उघडले. ते उघडले मात्र आधीच उघड्या असलेल्या अंगणात.

म्हणून साहित्य ही प्रवेशाची अट व्हावी, असे मला वाटत नाही. आपल्याकडे नीटमध्ये भौतिकी, रसायन, जीवशास्त्र एवढेच. त्यात साहित्याचा एक प्रश्नसंच घातला, तर त्या विषयाचे काय होईल हे लातूर-कोट्याची शिकवणीसंस्कृती पाहिलेल्यांना ठाऊक आहे, आणि ग्रामीण मुलामुलींपुढे आणखी एक शुल्क उभे राहील. याउलट २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे. प्रवेश झाल्यावर, सर्वांसाठी, जास्तीच्या खर्चाविना. तेथे साहित्याच्या प्राध्यापकाला बोलावले जाते का, आणि बोलावले तर तो कोणती कथा घेऊन जातो, यावर आपण वाद घालावा.